विहिरीकडं कललेलं झाड

उद्धवरावांनी कुऱ्हाड पुढं केली, तसा हावगेप्पा लाकूडतोड्या मागं सरकला. "मी न्हाई घाव घालत, मालक. ह्या झाडाला डोळे हाईत."

भालकीजवळच्या त्या मळ्यातलं झाड ताडाहून उंच गेलं होतं. कुणी त्याला सुरू म्हणे, कुणी देवदार. बंडोपंत मास्तरांनी त्याचं रोप हैदराबादेच्या बागेतून आणून दिलं होतं. ते अरोकेरिया म्हणत. पण नावाची पडली होती कुणाला? भर उन्हाळ्यात ते हिरवंगार असे आणि वाढताना एकाच बाजूला कलत जाई, बुजवलेल्या विहिरीकडं. उद्धवरावांनी त्याला दोर लावून कडुलिंबाकडं ओढून धरलं. दोर तुटला. दुसरा लावला, तोही तुटला. वारा नसतानाही शेंडा विहिरीत डोकावल्यासारखा दिसे. उद्धवरावांना अन्न गोड लागेना.

त्यांचे थोरले भाऊ आप्पाराव मुंबईला गेले ते परतलेच नाहीत, असं उद्धवरावच सांगत. विहीरही त्यांनी त्याच उन्हाळ्यात बुजवली. म्हणे पाणी आटलं. आप्पारावांची बायको सोजराबाई अजून कुंकू लावी. आपण सधवा की विधवा, एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

शेवटी उद्धवरावांनीच कुऱ्हाड चालवली. पहिल्याच घावाला खोडातून पांढरट चीक पाझरला. झाड वाचवायला मास्तर पुढं धावले, पण सोजराबाईनं त्यांना अडवलं.

"तोडा की, भावजी. फकस्त पडंल कुठं, तेवढं बघा."

उद्धवरावांनी वर पाहिलं, मग विहिरीकडं. कुऱ्हाड हातातून गळाली. 

"त्याला समदं ठाऊक हाय, वैनी. दादा तितंच हाय. जमिनीपायी मीच ढकललं त्याला."

पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाचे शिपाई येऊन उद्धवरावांना घेऊन गेले. विहीर उकरली, हाडं निघाली. सोजराबाईनं कुंकू पुसलं आणि पोटभर रडून घेतलं. ती शांत झाल्यावर मास्तरांना राहवेना.

"बाई, रोप देतानाच मी सांगितलं होतं. ही जात आपल्याकडं कुठंही लावा, दक्षिणेलाच कलते. त्यात चमत्कार काही नाही. मग इतकी वर्षं उद्धवरावांना बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगितलंत, मास्तर," सोजराबाई म्हणाली, "म्हणूनच तर इहिरीच्या उत्तरंला लावलं मी."