पाठमोरं चर्च

पत्र पर्समध्ये घालून बाई मिस्त्रींच्या दारापर्यंत आल्या खऱ्या, पण कडी वाजवायला हात धजेना.

चर्चला साठ वर्षं पूर्ण होत होती आणि त्याचा इतिहास लिहायचं काम शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं. त्यातलं एक प्रकरण उपनगरातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. हमरस्त्याकडे पाठ आणि कामगारांच्या खोल्यांकडे तोंड करून उभं असलेलं असलं चर्च दुसरीकडे कुठे नव्हतं. "दार गरिबांच्या बाजूलाच उघडेल," असं पहिल्या फादरांनी म्हणे ठणकावून सांगितलं होतं. बिशप भडकले. चर्च उभं राहिलं आणि फादरांची बदली दूर डोंगरात झाली.

काल बिशपांच्या जुन्या दप्तरात बाईंना फादरांचं पत्र सापडलं. 'मिस्त्रीने नकाशा उलटा धरून पाया घातला. पोरगा चोवीस वर्षांचा, पहिलंच काम. चूक माझ्या नावावर मांडावी. त्याला हे कधीही कळू देऊ नये.'

वाचताना बाईंचा ऊर भरून आला होता. असा माणूस जगाला सांगायचा नाही तर मग इतिहास लिहायचा कशाला? पण पत्र छापलं तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिस्त्रींचं चारचौघांत हसं होणार. या चर्चवर तर त्यांनी जन्मभर मान ताठ ठेवली होती.

दार मिस्त्रींनीच उघडलं. "या की बाई. बाहेर पहारा देताय होय?"

खोली एवढीशी. त्यातली निम्मी जागा खिडकीला लावलेल्या जुन्या लोखंडी खाटेने खाल्ली होती. मिस्त्री स्वतः जमिनीवर झोपत.

"सून म्हणते, खाट भंगारात द्या," मिस्त्री हसले. "म्हटलं, आधी मला दे."

खिडकीतून समोर चर्चचं उघडं दार दिसत होतं. मिस्सेची प्रार्थना चालू असताना ते लावायचं नाही, हा मिस्त्रींचा दंडक. थंडीत लोक कुडकुडत, कुरकुरत, पण त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

बाईंनी पत्र पुढे केलं. "काका, हे वाचा. तुम्ही नको म्हणालात तर मुकाट्याने परत दप्तरात ठेवते."

मिस्त्रींनी चष्मा लावला. पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"माझ्यासाठी गेले होय डोंगरात? आणि मी समजत होतो, फादरांना दार तिकडेच आवडलं. देवमाणूस हो, देवमाणूस!"

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," बाई समजूत घालू लागल्या. "पहिलं काम म्हटल्यावर चूक व्हायचीच."

मिस्त्री खाटेच्या कडेला टेकले. चादरीची सुरकुती त्यांनी हाताने सारखी केली.

"छापा, बाई. सगळं छापा. फक्त चुकीचं तेवढं खोडा. नकाशा मला नीट वाचता येत होता. पण माझी आई सात वर्षं या खाटेवरून उठली नव्हती, आणि तिला इथून वेदी दिसायला हवी होती."