तुंबलेली शीर

साल एकोणीसशे एकोणपन्नास. साजगावच्या सोनुबाईची सून जया तिसऱ्यांदा रक्त ओकली. जयाचं माहेर गावातच, पलीकडच्या आळीत. त्यामुळे सोनुबाईला तोंडसुख घ्यायला जयाची आई चिमाबाई हाताशीच होती.

"रोगट पोर आमच्या गळ्यात मारलीस! चोरून ताडी पीत असंल, नायतर असं रगत कोन वकतंय?"

मुंबईच्या इस्पितळात पोचेपर्यंत हेच चाललं होतं. चिमाबाई मान खाली घालून ऐकत राहिली.

"ताडीचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्मल्यावर हिची बेंबी पिकली असणार. ते विष आत गेलं आणि यकृताकडे जाणारी शीर बंद पडली. मग मागे तुंबलेलं रक्त उलटीतून येतं. पाणथरीची, म्हणजे प्लीहेची, शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडून त्या रक्ताला वाट करून द्यायची, असं एक नवं ऑपरेशन आहे. जिवाला धोका आहे, पण न करण्यात जास्त."

सोनुबाईने नाक मुरडलं आणि विहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बेंबी पिकली म्हनं! कोनच्या भवानीनं नाळ कापली व्हती गं हिची?"

 

चिमाबाईने पहिल्यांदाच मान वर केली. "तुमीच की, इनबाई, गावात दुसरी सुईन व्हती कुटं? आन् वर शेन पन तुमीच थापलंत."