रंग कुणाकडून आला

मुलीने चप्पलही काढली नाही. ती थेट मागच्या खोलीत आली, जिथे भिंतभर पिंजरे होते आणि तिचे बाबा लव्हबर्डच्या पिल्लांच्या पायांत कड्या घालत बसले होते.

“तो नापास झाला,” ती म्हणाली. “लेखी झाली, पोहणं झालं, डोळ्यांत अडकला. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला दिसलेच नाहीत. जहाजावर घेणार नाहीत म्हणाले. पुन्हा बसायचीही सोय नाही.”

बाबांच्या हातातलं पिल्लू ओरडलं. त्यांनी बोटं सैल केली.

“रंग कळत नाहीत त्याला! पोरगा वीस वर्षांचा झाला आणि आम्हाला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं आहे. झालं, सासूबाईंनी कारण शोधून काढलं. तो पोटात असताना मला ताप आला होता ना, मी चार दिवस अंगावर काढला. त्याचंच हे फळ म्हणे.” ती स्टुलावर बसली. “आणि मलाही तसंच वाटतंय, बाबा. काल त्याच्यासमोर जेवायला बसवेना मला. तुम्हाला यातलं कळतं. तापाने होतं असं?”

आई पिंजऱ्यांतल्या पाण्याच्या वाट्या बदलत होती. तिचा हात थांबला.

बाबांना यातलं कळत तर होतंच. पाखरं पाळणारे त्यांना रंगमास्तर म्हणत. अंडी फुटायच्या आधीच कुठल्या जोडीला कुठला रंग होणार ते सांगत. आज सकाळीच एका गिऱ्हाइकाला त्यांनी समजावलं होतं, की हिरव्या नराच्या आत पिवळा लपून राहू शकतो, मादीच्या आत नाही. म्हणून हिरव्या जोडीला पिवळी मादी झाली तर बापाकडे बघायचं, आईला बोल लावायचा नाही. गिऱ्हाईक हसून म्हणालं होतं, “माणसांत असं असतं तर किती भांडणं मिटली असती!”

माणसांत काय असतं तेही मास्तरांना पाठ होतं. माणसांत हे रंग न कळणं उलटं चालतं. मुलगी लपवून वाहून नेते, तिच्या मुलात उघडं पडतं. आणि बापाला असलं तर मुलीला ते मिळतंच. पोपटांच्याच एका पुस्तकात तळटीप होती. ती वाचून त्यांनी घाईघाईने पान उलटलं होतं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

कारण रंगमास्तरांना रंग कळत नव्हते. पिवळं आणि पोपटी त्यांना एकच, लाल आणि तपकिरीचंही तेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बायको शेजारी बसून बोलता बोलता सांगे, “ही पिवळी आधी घ्या, फार ओरडतेय,” “त्या पोपटीची नखं वाढलीत.” ऐकणाऱ्याला वाटे, बाईला पाखरांचा काय लळा! चाळीस वर्षं झाकली मूठ अशी राहिली.

तोंडात गुळणी धरायची त्यांना सवयच होती. नातवाने सातव्या वर्षी झाड काढलं, पानं तपकिरी रंगवली. सगळे हसले. हेही हसले, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. ते हसणं आठवलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“तापाने नाही होत,” ते म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं.

“मग कशाने?”

“सांगा आता,” आई म्हणाली.

“माझ्याकडून आलंय. मलाही दिसत नाहीत रंग. मी तुला दिलं, तुझ्यातून त्याच्यात गेलं. तुझं यात काहीएक चुकलेलं नाही.”

मुलीने आईकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“लग्नानंतर महिन्याभरात कळलं. कुणाला बोलू नकोस म्हणाले, नाही बोलले.”

“आणि त्याने ते झाड रंगवलं तेव्हा?”

“तेव्हाच कळलं मला,” बाबा म्हणाले.

“तेरा वर्षं झाली, बाबा! तेरा वर्षं तो भिंतीला जहाजं चिकटवतोय.”

बाबांची मान वर होईना. लोक हसतील म्हणून जी लाज इतकी वर्षं जपली ती आता पोरखेळ वाटली. खरी लाज ही होती. ती समोर स्टुलावर बसली होती.

मुलीने फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्यांच्यापुढे धरला. “हे सासूबाईंना सांगा. माझ्यावर त्या विश्वास नाही ठेवणार.”

“विहीणबाई, मी बोलतोय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये दोनदा अडखळले, पण सांगितलं.

मग विहीणबाई म्हणाल्या, “म्हणजे आलं तुमच्याकडूनच. आम्ही तरी वेगळं काय म्हणत होतो?”

“वेगळं आहे. तुम्ही तिला बोल लावत होतात. यापुढे मला लावा. आणि जरा नातवाला द्या फोन, त्याला मलाच सांगायचंय.”

“सांगू नका, आजोबा,” तिकडून नातवाचा आवाज आला. तिकडेही फोनचा आवाज मोठा होता, आणि तो शेजारीच बसलेला असावा. “ऐकलं मी. मला वाटत होतं, आपल्या माणसांत रंग ओळखायचं सोंग मी एकटाच करतोय.”