बर्फाच्या डोंगरामागे

या, असे जवळ सरून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण मन लावून ऐका.

एका मास्तरांनी नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी बर्फाच्या डोंगराचं भलंथोरलं चित्र आणलं. जुनी सागवानी फ्रेम नेमकी त्याच मापाची निघाली. तिच्यात त्यांच्या आईचा फोटो होता. दम्यानं गेलेली माउली ती.

"खालचा फोटो काढून देऊ का?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

"राहू दे, वरूनच बसवा," मास्तर म्हणाले, आणि उगाच रस्त्याकडे बघत राहिले.

रविवारी दुपारी थोरली बहीण आली. "बाळ्या, भिंतीला डोंगर फुटला की रे!" ती हसली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "आणि आई कुठंय?"

"काच बदलायला दिलीय," मास्तर बोलून गेले. शरमेनं त्यांची मान वर होईना.

तेवढ्यात चित्राची काच मधोमध धुरकटली. निवळली. पुन्हा धुरकटली, धाप लागल्यासारखी. ताईनं रुमालानं पुसून पाहिलं.

"पुसलं जात नाही रे. वाफ आतून धरतेय."

खरं सांगून टाकावं, फ्रेम उतरवावी, असं मास्तरांना शंभरदा वाटलं. पण त्यांनी ताईला दुसरा, कोरडा रुमाल आणून दिला.

मग आतल्या बाजूनं कुणीतरी वाफेवरून बोट फिरवलं. बोटाएवढी काच स्वच्छ झाली. तिच्यातून बर्फ दिसायला हवा होता. बर्फ नव्हता, आईचा डोळा होता.

बाबांनो, आज घरी गेलात की त्या माउलीची एकदा आठवण काढा.