एका बादलीचा खर्च

बोनस मागायला कामगार दारात उभे राहिले, तेव्हा बादल्यांच्या कारखान्याचे मालक शहाडे मुळीच चिडले नाहीत. उलट त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि हिशेब बघणाऱ्या वैजयंतीला हाक मारली. "एक बादली बनवायला किती खर्च येतो ते यांना वाचून दाखव. पैसा कुठे उरतो ते यांनाच कळू दे."

वैजयंती खर्चाचा तक्ता घेऊन आली. घरचा कुठलाही खर्च "कारखान्यावर टाक" म्हणून मालक मोकळे होत. तक्ता त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता. "मालक, सगळं वाचू?"

"ओळ न् ओळ वाच! आपल्याकडे लपवाछपवी नाही."

तिने तक्ता उघडला. "पत्रा, एकशे दहा रुपये. मजुरी, नऊ. वीज, चार. मालकांच्या कुत्र्याचं खाणं, सुरक्षा खर्चात, एक. मालकांच्या मुलीचं लग्न, जाहिरात खर्चात, चौदा."

मालकांचा चहा बशीत सांडला. कुणीच हसलं नाही. पत्रा कापणारे म्हातारे गेनूमामा तेवढे पुढे झाले. "पोरी, वैशाखात माझ्याबी लेकीचं लगीन हाय. ते कुठल्या खर्चात बसतंय का, बघ की."

त्याच संध्याकाळी बोनस जाहीर झाला, आणि वैजयंतीची बदली भंगाराच्या गोदामात. ती सामान घेऊन निघाली, तेव्हा मशीनवरची माणसं एकेक करून उठून उभी राहिली. अकरा वर्षांच्या नोकरीत आपल्याला पहिल्यांदाच बढती मिळाली, असं तिला वाटलं.