उजवा कान

"दादा, ठिणगीचं टायमिंग आणखी पुढं घेतलं तर इंजिन फुटंल," संपत म्हणाला आणि त्याच्या कानाखाली सणसणीत बसली.

उद्या जुन्या गाड्यांची शर्यत होती आणि आजोबांची मोटार दादाला पहिली आणायची होती. पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे आकडे संपत मोटारीला नव्यानं जोडलेल्या लॅपटॉपवर भरायचा. पण खरं काम कानाचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली, की ठिणगी फार लवकर पडतेय हे त्याला आतल्या बारीक ठोक्यावरून कळायचं. डावा कान दादानं मागंच निकामी केला होता. आता उजव्यात नुसती शिट्टी वाजत होती.

"दादा, ठोका ऐकूच येईना."

"नाटकं करतोस?" दादानं पुन्हा त्याच कानावर हाणली.

शिट्टीही थांबली. दादाच्या ओठांवरून "वाढव" एवढं कळलं. संपतनं वाढवलं. बॉनेटखाली वाकून दादा स्वतः रेस देत होता.

इंजिनाची कूस फोडून लोखंड बाहेर आलं आणि दादाच्या पोटात घुसलं. जमिनीवर पडून तो तोंड वासून ओरडत होता.

संपत त्याच्याजवळ बसला.

"मोठ्यानं बोल की, दादा."