उच्चारायला सोपं

टपालाने आलेली मतपत्रिका टेबलावर पसरून श्रीनिवास आणि मृदुला बसले होते. अमेरिकन सिनेटच्या रिकाम्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार आधी मतदारांनीच ठरवायचा होता.

“बोलते नेमकं, कामही तिचंच जास्त,” मृदुलाने शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

“मलाही तीच आवडते. पण नाव आपल्यासारखं, लांबलचक भारतीय. या अमेरिकनांची जीभ वळत नाही. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत पडेल ती. मत कशाला वाया घालवायचं?” म्हणत श्रीनिवासने पहिल्या नावापुढचा गोल काळा केला.

खाली जमिनीवर त्यांची इरावती शाळेतल्या निवडणुकीसाठी स्वतःचं पोस्टर रंगवत होती. नावाची पहिली दोनच अक्षरं झाली होती. तिने ब्रश उचलून धरला.

“बाबा, मग मी इथे एमा लिहू?”

श्रीनिवासने तो काळा गोल तळहाताने झाकला.